हवेला टांगलेली जोंगा

जपानमध्ये निसान पॅट्रोल या गाडीची ६० मालिका १९८० साली बंद झाली. जबलपूरमध्ये मात्र तीच गाडी १९९९पर्यंत बनत राहिली. १९६९मध्ये सुरू झालेल्या व्हेईकल फॅक्टरीत लष्करासाठी शक्तिमान ट्रक बनत, निसानचा एक टनी ट्रक बने आणि त्यांच्या जोडीला ही दणकट गाडी. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून तिला जोंगा म्हणू लागले. ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन, पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा आणि गरज पडली की चारही चाकांना जोर देणारी रचना. गस्तीपासून १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ वाहण्यापर्यंत सगळी कामं तिनं केली.

लष्करानं निकाली काढलेल्या जोंगा लिलावातून बाहेर पडल्या आणि हौशी लोकांच्या दारात आल्या. महेंद्रसिंग धोनीनं २०१९मध्ये हिरवी जोंगा घेतली, तेव्हा तर ज्यांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांनाही ते कळलं. अशी गाडी घरी आली की इंजिन खोलायला मिस्त्री मिळतो, पत्रा ठोकून सरळ होतो, रंग चढतो. मग गाडी चाकांपाशी येऊन अडते. मूळ टायर तडकलेले, रिमा गंजलेल्या, आणि टायरच्या दुकानात भिंतभर रुंद टायर आणि चकाकणाऱ्या अलॉय रिमा टांगलेल्या. मोह होतोच. पण निवड करण्याआधी त्या काळ्या रबरी कड्यात काय चाललेलं असतं ते पाहावं. मला तरी मोटारीच्या सगळ्या भागांत यापेक्षा नवलाचा भाग दुसरा वाटत नाही.

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. गाडीचं वजन कोण पेलतं? आपण सहज म्हणतो, टायरमधली हवा. पण टायरच्या आतली हवा रिमला सगळीकडून सारखीच दाबत असते. वरून जेवढी, खालून तेवढीच. म्हणजे हवा रिमला वर उचलूच शकत नाही. वजन पेलणारे खरे कामकरी म्हणजे टायरच्या भिंतीत रबराखाली दडलेले दोरे. आतल्या दाबामुळे ते ताणलेले असतात आणि रिमला चारी दिशांनी बाहेर ओढत असतात. टायर जमिनीला टेकतो तिथे त्याची भिंत फुगून वाकते आणि तिथल्या दोऱ्यांची खाली ओढण्याची ताकद कमी होते. वरच्या बाजूची ओढ मात्र कायम असते. या दोन ओढींच्या फरकावर अख्खी गाडी तोलली जाते. म्हणजे जोंगा आपल्या टायरांवर उभी नसते, ती टायरच्या वरच्या अर्ध्या भागाला टांगलेली असते. हवेचं काम दोरे ताणून धरण्याचं.

जबलपूरला याच्या अगदी उलट तऱ्हेची चाकं आधीपासून ठाऊक होती. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची. नावाप्रमाणे तिचं काम तोफगाड्यांचं. त्या काळच्या लाकडी चाकात वजन खरोखरच खालच्या आऱ्यांवर उभं राहत असे. लाकडी घेराभोवती लोखंडाची धाव लाल तापवून चढवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आक्रसलं की घेर, आरे आणि तुंबा एकमेकांत घट्ट आवळले जात. आपल्याकडच्या बैलगाडीचं चाकही असंच बांधलं जाई. हे चाक पिढ्यान् पिढ्या टिकलं, पण दगडाचा प्रत्येक ठोका त्यानं आसापर्यंत पोचवला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेव्हा ते घेणारं कोणी नव्हतं. १८८८मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपनं तीच कल्पना नव्यानं शोधली आणि या वेळी सायकलींचा जमाना तयार होता. ठोका गिळणारं चाक तिथून जगभर गेलं. भारतातला पहिला टायर कारखानाही डनलॉपचाच, हुगळीकाठच्या साहागंजला, १९३६चा.

आता टायर जमिनीला किती टेकतो ते पाहा. हिशेब सोपा आहे. चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी असेल तर एका चाकावर ५०० किलो येतात. हवा ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार येतो सुमारे २४० चौरस सेंटिमीटर. पोस्टाची दोन कार्डं शेजारी ठेवली तर होते तेवढी जागा. ब्रेक, वळण, चढ, चिखल, सगळं त्या दोन कार्डांएवढ्या जागेतून जमिनीपर्यंत पोचतं.

रुंद टायरच्या मोहाचं उत्तर याच भागाकारात आहे. त्यात टायरची रुंदी कुठेच येत नाही. वजन तेच आणि दाब तोच ठेवला तर टायर कितीही रुंद घ्या, टेकणारी जागा जवळपास तेवढीच राहते. बदलतो तो तिचा आकार. अरुंद टायरची जागा लांबट असते, रुंद टायरची आखूड आणि आडवी. जबलपूरच्या आसपासची माती काळी, पावसाळ्यात गुडघाभर चिकटणारी. अशा चिखलात लांबट जागेचा अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जातो. रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो आणि त्याच्या खाचांत माती भरली की त्याचा गुळगुळीत रूळ होतो. नर्मदेच्या वाळूत मात्र गणित उलटतं. तिथे हवा कमी करून टेकणारी जागा वाढवावी लागते, आणि वाळूतून बाहेर आल्याबरोबर पुन्हा भरावी लागते. जुन्या लष्करी गाड्या अरुंद टायरांवर धावल्या त्या कोणाच्या काटकसरीमुळे नव्हेत. शिवाय पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीला रुंद टायर लावला की उभ्या जागी स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून येतात, आणि पूर्ण वळणावर टायर स्प्रिंगच्या पाट्यांना किंवा मडगार्डला घासतो.

मग टायर निवडायचा कसा? मूळ मापाच्या भाषेपासून सुरुवात करावी. जुन्या टायरच्या कुशीवर ७.००-१६ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, इंचात. दुसरा रिमच्या व्यासाचा, तोही इंचात. टायरची उंची किती ते लिहिलेलंच नसतं, कारण जुन्या टायरची भिंत जवळजवळ रुंदीएवढी उंच असणार हे गृहीत होतं. ७.००-१६ टायरचा पूर्ण व्यास साधारण ७७५ मिलिमीटर भरतो. नव्या पद्धतीत हेच तीन आकड्यांत सांगतात. २१५/८५ आर १६ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८५ टक्के, रिम १६ इंच आणि बांधणी रेडियल (ती कशी असते ते पुढे पाहू). कागदावर मांडू. २१५चे ८५ टक्के म्हणजे सुमारे १८३. वर आणि खाली मिळून ३६६. रिमचे १६ इंच म्हणजे ४०६. बेरीज ७७२. जुन्या मापापेक्षा फक्त ३ मिलिमीटर कमी. ही जोडी जुळली.

आता बोलेरोचा टायर घ्या, कारण तो गावोगावी मिळतो आणि ‘हाच बसवून टाका’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. २१५/७५ आर १५. रुंदी तीच, पण पूर्ण व्यास ७०४ मिलिमीटरच्या आत. गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली बसते. स्पीडोमीटरचा काटा ६०वर असेल तेव्हा गाडी खरी धावत असते साडेचोपन्नच्या वेगानं, आणि त्याच वेगासाठी इंजिनाला जवळजवळ दहा टक्के जास्त फिरावं लागतं. सहा सिलिंडरचं ते पेट्रोल इंजिन तसंही खादाड म्हणून प्रसिद्ध, त्यात ही भर. मोठा टायर लावला तर फसवणूक उलट्या दिशेनं होते. काटा कमी दाखवतो, गाडी जास्त पळते आणि ब्रेकला मोठं चाक थांबवावं लागतं. म्हणून दुकानात गेल्यावर रुंदीआधी उंची विचारावी.

जोंगासारख्या गाडीत उंचीचा आणखी एक हिशेब दडलेला आहे. तिची फोर-व्हील ड्राइव्ह जुन्या पद्धतीची. लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के जोडले जातात, मध्ये फरक सांभाळणारा डिफरन्शियल नसतो. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांनी एका फेऱ्यात सारखंच अंतर कापलं पाहिजे. ते कापतात का, हे खडूच्या एका तुकड्यानं तपासता येतं. सपाट फरशीवर गाडी उभी करा, हवा चारही टायरांत सारखी भरा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूनं रेघ मारा. गाडी हळू ढकला. टायरवरची रेघ वर जाऊन पुन्हा बरोबर खाली आली की तिथे फरशीवर दुसरी रेघ मारा आणि टेपनं दोन रेघांमधलं अंतर मोजा. जोंगाच्या मापाच्या टायरला ते सव्वादोन ते अडीच मीटरच्या दरम्यान यावं. आता हेच मागच्या चाकावर करा. समजा, अंतर २.३५ मीटर आलं आणि पुढच्या-मागच्यात ३ सेंटिमीटरचा फरक निघाला. ३ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण एका किलोमीटरमध्ये हे चाक सुमारे ४२५ वेळा फिरतं. ४२५ गुणिले ३ म्हणजे पावणेतेरा मीटर. दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांत पावणेतेरा मीटरचं भांडण. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि ते भांडण मिटतं. काँक्रीटवर घसरायला वाव नसतो. तो ताण शाफ्टमध्ये, गिअरच्या दातांत साठत जातो, आणि मग लिव्हर फोर-व्हीलमधून बाहेर यायलाच तयार होत नाही. म्हणून अशा गाडीला दोन टायर नवे, दोन जुने असं चालत नाही. एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकाच वेळी घेतलेले पाच टायर. पाचवा स्टेपनीसाठी, कारण पंक्चर काही सोय बघून होत नाही.

खडूच्या या प्रयोगात एक गंमत लपली आहे. टायर खाली दबलेला असतो, म्हणजे आसाची जमिनीपासूनची उंची टायरच्या मूळ त्रिज्येपेक्षा कमी झालेली असते. त्या उंचीवरून घेर काढला तर तो फरशीवर मोजलेल्या अंतरापेक्षा कमी येतो. रेडियल टायरमध्ये हा फरक नजरेत भरतो, कारण त्याच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि तो पट्टा ताणतही नाही, आक्रसतही नाही. टायर कितीही दबला तरी पट्ट्याची लांबी तीच, आणि एका फेऱ्यात जवळजवळ तेवढीच लांबी रस्त्यावर अंथरली जाते. गोल दिसणारं चाक रणगाड्याच्या साखळीचं काम करत असतं.

रेडियल की क्रॉस-प्लाय, हा पुढचा प्रश्न, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत सर्वांत जास्त वाद याच्यावर होतात. क्रॉस-प्लायमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. भिंत आणि नक्षीचा भाग एकाच जाळीचे बनलेले असतात, त्यामुळे भिंत वाकली की वरची नक्षीही मुरडते. मिशलँनं १९४६मध्ये पेटंट घेतलेल्या आणि १९४९पासून विकायला काढलेल्या रेडियलमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली वेगळा पट्टा असतो. भिंतीला वाकायची मोकळीक, नक्षीला सपाट राहायची शिस्त. त्यामुळे पकड चांगली, घर्षणात जाणारं इंधन कमी, झीज सावकाश. सुरक्षिततेच्या बाजूनं रेडियलचं पारडं जड आहे, यात शंका नाही.

तरीही जुन्या गाडीला रेडियल चढवताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, जुनी रिम क्रॉस-प्लायसाठी बनलेली असते. रेडियल वळणावर रिमच्या काठांवर वेगळ्या तऱ्हेचा ताण टाकतो, आणि पन्नास वर्षांच्या गंजलेल्या रिमला तो सोसेलच असं नाही. रंग खरवडून, वेल्डिंगच्या जागा आणि बोल्टांची भोकं भिंगाखाली तपासल्याशिवाय रेडियल चढवू नये. दुसरी गोष्ट, नव्या रिमच्या आतल्या बाजूला एक उंचवटा असतो. ट्यूबलेस टायरचा काठ वळणावर आत घसरू नये म्हणून तो केलेला असतो. जुन्या रिमला तो नसतो. म्हणून टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी जुन्या रिमवर तो ट्यूब घालूनच वापरावा, आणि ट्यूब रेडियलसाठी बनवलेली असावी. टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबलं आधी खरवडून काढायला सांगा, ती ट्यूब घासून पंक्चर करतात.

आणि गाडी फक्त स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात आणि जुन्या गाड्यांच्या मेळ्यात फिरणार असेल तर? मग मूळ मापाचे क्रॉस-प्लाय घ्यायला माझी पूर्ण संमती आहे. त्यांचा अरुंद, उंच चेहरा गाडीला शोभतो. फक्त हिवाळ्यात सकाळी गाडी काढली की पहिले काही किलोमीटर चाकं थडथडतात, त्यानं घाबरू नये. दोऱ्यांचं नायलॉन चालताना तापतं आणि रात्रभर एका जागी थंड होताना तळाशी आलेला सपाटपणा तसाच धरून बसतं. पुन्हा तापलं की सोडून देतं. एक नियम मात्र काटेकोर पाळावा. एकाच आसावर एक रेडियल आणि एक क्रॉस-प्लाय कधीही लावू नये. वळणावर दोघं वेगवेगळं वागतात आणि गाडी हातातून जाते.

आता रिमांकडे येऊ. रिम जुळवताना लोक भोकांची संख्या मोजतात आणि थांबतात. खरं माप आहे ती भोकं ज्या वर्तुळावर बसली आहेत त्या वर्तुळाचा व्यास, दुकानात ज्याला पीसीडी म्हणतात. भोकं सहा किंवा चार असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजलं की झालं. पाच असतील तर समोर भोक येतच नाही. मग शेजारच्या दोन मध्यांतलं अंतर घ्यायचं आणि १.७०१नं गुणायचं. विलीजच्या जुन्या जीपला पाच भोकं आणि १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. शेजारच्या दोन भोकांत तिथे ८२ मिलिमीटर भरतात. हे माप घेताना अर्धा मिलिमीटरही सोडू नका. फियाट युनोच्या रिमला चार भोकं ९८ मिलिमीटरवर, तर दुसऱ्या अनेक गाड्यांच्या रिमांना चार भोकं १०० मिलिमीटरवर. फरक फक्त दोनाचा. एकीची रिम दुसरीला लावली की बोल्ट जातातसुद्धा, पण तिरके बसतात. मग ते हळूहळू सैल होत जातात.

भोकांइतकंच महत्त्वाचं ऑफसेट. रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मधल्या रेषेपासून किती आत किंवा बाहेर आहे, ते अंतर. चाक बाहेर ढकलणारी रिम लावली की गाडी रुबाबदार दिसते, पण तेच वजन बेअरिंगवर लांबून तोलायला लागतं आणि खड्ड्यात बसलेला प्रत्येक धक्का स्टिअरिंगमधून हातापर्यंत येतो. नटांचा टोकाकडचा उतारही रिमशी जुळावा लागतो. काही रिमांना शंकूसारखा नट लागतो, काहींना गोलसर. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना तर उलट्या आट्याचे नट असत, चाक फिरता फिरता ते सैल पडू नयेत म्हणून. असा नट सरळ समजून पान्यावर उभं राहणाऱ्यानं स्टड तोडलाच म्हणून समजा.

काही लष्करी गाड्यांना दोन अर्धी बोल्टांनी जोडून केलेल्या रिमा असतात, पंक्चर काढायला हत्यार कमी लागावं म्हणून. हवा भरलेली असताना त्यांच्यावरचा जोर टनांत मोजावा असा असतो. हबच्या नटांऐवजी चुकून रिमचे बोल्ट सोडले तर ती फुटून माणसाच्या तोंडावर येते. आधी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडायची आणि मगच पाना लावायचा. पंक्चरवाला कितीही अनुभवी असला तरी त्याला हे सांगा.

टायर खरेदीत एक सापळा खास आपल्याकडचा आहे. ६.००-१६ हे माप महिंद्राच्या जुन्या जीपचंही आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचंही. ट्रॅक्टरचा टायर रिमवर झकास बसतो. तीन ठसठशीत उभ्या धारा असल्यानं दिसतोही मजबूत. पण त्याच्या कुशीवर ए६ किंवा ए८ असं लिहिलेलं असतं. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए८ म्हणजे ४०. शेतातून रस्त्यावर येण्यापुरता तो बनलेला आहे. मोटारीच्या टायरवर एल असेल तर १२०, एन असेल तर १४०, क्यू असेल तर १६० किलोमीटरपर्यंत चालतं. त्याच्या आधीचा आकडा वजनाचा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११५ म्हणजे १२१५ किलो. पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल इंजिन बसवलेल्या जोंगा पुष्कळ आहेत. त्यांनी तर पुढची चाकं वजनकाट्यावर घालून मगच हा आकडा निवडावा. उलट टोकाची चूकही होते. सोळा इंची रिमचे मालवाहू ट्रकचे जाडजूड टायर हलक्या गाडीला लावले की ते वाकतच नाहीत, आणि हवेच्या टायरचा सगळा उपयोगच संपतो.

वाकणं किती, याचा अंदाज एका प्रवासावरून घ्या. जबलपूरहून लखनादौन, सिवनी करत नागपूर सुमारे २७० किलोमीटर. तेवढ्यात जोंगाचं एकेक चाक जवळजवळ १ लाख १५ हजार वेळा फिरतं. ताशी ६०च्या वेगाला सेकंदाला सात फेऱ्या. टायरच्या भिंतीचा प्रत्येक तुकडा सेकंदाला सातदा वाकतो आणि सातदा सरळ होतो, आणि दर वेळी थोडी उष्णता मागे ठेवतो. हवा कमी असेल तर वाकणं वाढतं, उष्णता वाढते, रबर आणि दोरे सुटू लागतात. टायर फुटण्याच्या घटना मे महिन्यात का वाढतात, याचं एक कारण इथे आहे. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना भरलेली ३० पौंड हवा ४२ अंशांना सुमारे ३५ पौंड दाखवते. हे पाहून पंपावर हवा काढायला सांगू नका. तापलेल्या टायरातली हवा काढली की थंड झाल्यावर ती कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर जास्त तापतो. हवा नेहमी सकाळी, गाडी काढण्याआधी बघावी.

आणि शेवटी वय. लिलावातून आलेल्या गाडीच्या टायरवर नक्षी अगदी खोल असते, नवा कोरा टायर वाटतो. फसू नका. कुशीवर लांबट चौकटीत चार आकडे शोधा. २३१८ असेल तर २०१८ सालचा २३वा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा, त्याची जागा भंगारात. हवेतला ओझोन रबराच्या लांब रेणूंचे सांधे तोडत राहतो. त्यापासून वाचवायला कारखान्यात रबरात मेण मिसळतात. ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं. पण टायर फिरला, वाकला, तरच मेण बाहेर येत राहतं. म्हणून रोज धावणाऱ्या टायरपेक्षा शेडमध्ये वर्षानुवर्षं उभा असलेला टायर आधी तडकतो. टायरची कूस अंगठ्यानं दाबून वाकवा आणि उन्हात बारकाईनं पाहा. केसाएवढ्या रेघांचं जाळं दिसलं तर नक्षी कितीही खोल असो, टायर संपला. दहा वर्षांपुढचा टायर तर दिसायला कसाही असो, बदलावाच. कायद्यात नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण उभ्या गाडीचा टायर त्याच्या खूप आधी वयानं जातो.

तेव्हा माझा सल्ला साधा आहे. रस्त्यावर धावणाऱ्या जोंगाला मूळ उंचीचे, अरुंद, पाच सारखे रेडियल घ्यावेत. रिमा मूळच्याच, पोलादी, तपासून आणि रंगवून वापराव्यात. अलॉय लावायच्याच असतील तर लावा, पण जुन्या रिमा भंगारवाल्याला देऊ नका. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१पासून विंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरबदल नसावेत अशी अट आहे, आणि नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरं येतात. सत्तरच्या दशकाच्या पहिल्या वर्षांतल्या जोंगा आज त्या वयात पोचल्या आहेत. तुमच्याकडे त्यांतली एखादी असेल आणि तिला अलॉय लावल्या असतील तर तिच्या पाचही मूळ रिमा तेल लावून, कोरड्या जागी जपून ठेवा. जबलपूरच्या कारखान्यात त्या आता बनत नाहीत.